न शिजलेली डाळ

फार फार वर्षांपूर्वीची ही गोष्ट आहे, मुलांनो. मुलांच्या मागे बसून कान देणाऱ्या मोठ्यांनो, ती तुमच्याही कामाची आहे. एका डोंगराच्या पायथ्याशी पानमळ्यांचं एक गाव होतं. गावात एक पाठशाळा होती, आणि तिथे तीस वर्षं शिकवून थकलेले एक गुरुजी होते.

पाठशाळेची एक रीत होती. दर हिवाळ्यात प्रत्येक मुलाने निसर्गातल्या एका गोष्टीचा शोध घ्यायचा, स्वतः करून बघायचं आणि जे सापडेल ते पौर्णिमेला गावापुढे सांगायचं. रीत चांगलीच होती, पण विषय निवडायचे दिवस गुरुजींना नकोसे वाटत. एकाला थेट सूर्यच हवा असे. दुसऱ्याला शेजारच्याने घेतला तोच. तिसरा काही बोलतच नसे, त्याची आई येऊन बोले. गुरुजी एकेकाला तासन्‌तास समजावत आणि मुलं जांभया देत. तीस वर्षं हे करून त्यांचा जीव मेटाकुटीला आला होता.

मग एका वर्षी त्यांनी युक्ती काढली. चाळीस विषय चाळीस ताडपत्रांवर लिहिले आणि एका मडक्यात टाकले. ज्याने त्याने हात घालावा, येईल तो विषय घ्यावा. गुरुजींना हायसं वाटलं. विषय दरवर्षी तेच, म्हणून मोठी मुलं लहानांना उत्तरंही पुरवू लागली. एकाचे भिजवलेले मूग उंदरांनी फस्त केले, तरी त्याने गावापुढे छातीठोकपणे सांगितलं की तिसऱ्या दिवशी मोड आले. गावाने मान डोलावली. गुरुजींना सगळं ठाऊक होतं, पण पुन्हा कोण डोकं लावणार, म्हणून ते गप्प राहिले.

पाठशाळेत स्वयंपाक करणाऱ्या बाईंची मुलगीही तिथेच शिकत होती. त्या हिवाळ्यात तिचा पहिलाच शोध होता. मडक्यात हात न घालता ती गुरुजींपुढे उभी राहिली.

"गुरुजी, माझ्याकडे माझा विषय आहे. पंधरा दिवस झाले, आमची डाळ शिजत नाही. डाळ तीच, चूल तीच, पातेलंही तेच. आई म्हणते, माझं लक्ष नसतं. पण मी तिथेच बसलेली असते. चूक डाळीची की विहिरीच्या पाण्याची, ते मला बघायचंय."

गुरुजींनी सकाळपासून अकरा मुलं निस्तरली होती. पाठ ठणकत होती. प्रश्न त्यांना क्षणभर आवडला, खोटं कशाला सांगू. पण लगेच त्यामागचं काम दिसलं. दोन चुली मांडा, ओढ्याचं पाणी आणा, सरपण द्या, रोज जाऊन बघा.

"बाळ, डाळीचं काय ते आईला विचार," ते म्हणाले. "हा काही शोधाचा विषय नव्हे. घाल हात."

तिने हात घातला. दुपारच्या सावलीचा विषय निघाला. वरच्या वर्गातल्या मुलीकडून तिने उत्तर पाठ केलं आणि पौर्णिमेला घडाघडा म्हणून दाखवलं. गुरुजींनी शाबासकी दिली. तिची आई डाळ आदल्या दिवशीच भिजत घालू लागली, आणि तो विषय तिथेच मिटला.

चैत्रात पानवेली पिवळ्या पडल्या. वैशाखात मळेच्या मळे करपले. गावातल्या सगळ्यात जुन्या माळ्याने विहिरीचं पाणी जिभेवर घोळवून थुंकून टाकलं.

"विहीर खारावली. हळूहळू खारावली, म्हणून आपल्या जिभेला कळलं नाही. हिवाळ्यात उमगलं असतं तर ओढ्याचं पाणी वळवून वेली वाचवल्या असत्या. पण कुणाच्या ध्यानातच आलं नाही."

लोक माना खाली घालून ऐकत होते. न शिजणाऱ्या डाळीवरून कुणाच्या तरी ध्यानात आलं होतं, हे त्या गर्दीतल्या मोठ्यांपैकी एकट्या गुरुजींना माहीत होतं. निम्मी घरं त्या उन्हाळ्यात पोटासाठी परगावी गेली.

हिवाळा आला तेव्हा गुरुजी स्वतः स्वयंपाकघरात गेले. मुलगी तांदूळ निवडत होती. ते तिच्यासमोर जमिनीवर बसले.

"मागच्या वर्षी माझं चुकलं, बाळ. या वेळी तुझ्या मनातलं घे. चुली लागल्या तर मी मांडून देतो. सांग, तुला काय बघायचंय?"

मुलीने खरोखर विचार केला. बराच वेळ केला. मग अगदी आदराने म्हणाली, "मला काही सुचत नाही, गुरुजी. तुम्हीच सांगा ना. सोपा सांगा."

गुरुजींना तिच्यावर रागावता येईना. ते तसेच बसून राहिले, तिच्या सुपातले खडे वेचत. पुढच्या वर्षी ओढ्याच्या पाण्यावर नव्या पानवेली लागल्या आणि गेलेली माणसं परतली. त्या मुलीला पुन्हा कधी प्रश्न पडला का, हे बघायला मात्र गुरुजी उरले नाहीत.

तात्पर्य इतकंच: मूल स्वतःचा प्रश्न घेऊन दारात आलं, तर कितीही थकलेले असा, त्याच्या हाती दुसरा विषय देऊ नका.