बॅकस्पेसचं बटण

"मग माझं चुकतं कुठं, सर?"

"तुझं काही चुकत नाही," मुजावर सर म्हणाले. "तेच तर अवघड झालंय."

ऋतुराजला हे उत्तर अजिबात आवडलं नाही. तासगावात पिठाच्या गिरणीच्या वर सरांचा कोडिंगचा क्लास, आणि त्या क्लासात ऋतुराज झांबरे म्हणजे पहिल्या बाकावरचं नाव. मुलाखतीत विचारतात तसले सहाशे बारा प्रश्न त्यानं सोडवले होते. हा आकडा तो न विचारताही सांगायचा. तरी चार कंपन्यांनी त्याला गोड शब्दांत वाटेला लावलं होतं.

उद्या दहा वाजता पाचवी मुलाखत. ही गेली तर मुकाट मामाच्या फरशीच्या दुकानात बसायचं, असं तो घरी कबूल करून बसला होता.

"मागच्या वेळी काय झालं? खरं सांग."

"पाऊण तास दिला होता. प्रश्न येत होता मला..."

"आणि?"

"वेळ संपली तेव्हा स्क्रीन... कोरी होती."

सरांनी मान हलवली. पुण्यात सतरा वर्षं त्यांनी वेबसाइटी बांधल्या होत्या, मुलाखती घेणाऱ्यांच्या खुर्चीतही बसले होते. वडिलांच्या आजारपणात गावी आले ते इथलेच झाले.

"लाव तुझा कीबोर्ड. एक करून बघू."

ऋतुराजनं पिशवीतून कीबोर्ड काढला. टपोऱ्या बटणांचा, टकटक वाजणारा, खास मुलाखतींसाठी घेतलेला. आईच्या जुन्या ओढणीत गुंडाळून तो गावभर फिरवायचा.

"गावातल्या दुकानांची यादी आहे," सर म्हणाले. "वर शोधायची चौकट. माणूस टाइप करील तशी यादी बदलली पाहिजे."

"हे तर मी झोपेत करीन, सर."

"जागेपणी कर."

केलं. चार मिनिटांत. खाली गिरणी सुरू झाली आणि बाकं थरथरू लागली, तरी त्याची बोटं थांबली नाहीत.

"छान. आता नेट मंद आहे. मी आधी चहा शोधला. लगेच विचार बदलला आणि चप्पल टाकलं. चपलांची दुकानं आली. आणि त्यानंतर रखडत रखडत चहाची आली... आता यादीत काय दिसेल?"

"चहा," ऋतुराज म्हणाला, आणि थबकला. चप्पल घ्यायला आलेल्या माणसापुढं चहा. हा प्रश्न सहाशे बारांत नव्हता.

त्यानं दोन ओळी लिहिल्या. पुसल्या. तीन लिहिल्या. मग करंगळी बॅकस्पेसवर गेली ती तिथंच दाबून राहिली... ओळी मागं मागं पळत सुटल्या. चुकीच्या गेल्या, आणि त्यांच्यामागून मघाच्या बरोबर असलेल्याही गेल्या.

स्क्रीन कोरी.

"का पुसलंस?"

"चुकत होतं, सर."

"मला वाचू तरी द्यायचंस."

"चुकीचं काय दाखवायचं? नीट जमलं की दाखवतो की."

सर पुढं वाकले, नखानं बॅकस्पेसचं बटण उचकटलं आणि सदऱ्याच्या खिशात टाकलं.

"सर! नवा आहे कीबोर्ड!"

"खाली देठ राहिलाय. दाबायचा तर दाबता येईल, मी अडवणार नाही... लिही."

ऋतुराज लिहायला लागला खरा, पण भर मांडवात धोतर सुटावं तशी त्याची अवस्था झाली.

आधी त्यानं लिहिलं, की माणसाचं टाइप करून होईपर्यंत थोडं थांबायचं, मगच सर्व्हरला विचारायचं. लिहून झाल्यावर लक्षात आलं, थांबून विचारलं तरी उत्तर उशिरा येऊ शकतंच. करंगळी देठाकडं गेली. सर खिडकीबाहेर बघत होते.

करंगळी परत आली.

"सर... हे नाही चालणार."

"का?"

त्यानं सांगितलं. सांगताना कान तापले.

"का नाही चालणार, ते त्याच्याखाली लिहून ठेव. पुढं चल."

मग त्यानं उत्तर येईपर्यंत चौकटच बंद ठेवली. चार ओळींतच तो थांबला. "आता चपलेवाला ताटकळत बसला," तो म्हणाला, आणि त्याचं त्यालाच हसू आलं. तेही खाली लिहिलं.

मग तो आपल्या दोन चुकांकडं बघत बसला. दोन्ही समोरच होत्या, जायला त्यांना वाट नव्हती.

"पहिल्यात मी नुसता वेळ मोजत बसलो," तो हळूहळू बोलायला लागला. "दुसऱ्यात माणसालाच अडवला... सर, प्रत्येक शोधाला नंबर दिला तर? खाली गिरणीत डब्यांना देतात तसा. शेवटच्या नंबराचं उत्तर आलं तरच दाखवायचं. मागचं कुठलं उशिरा आलं, तर सोडून द्यायचं."

"लिही."

लिहिलं. चाललं. चप्पलच आली.

वर दोन चुका, खाली उत्तर. स्क्रीन अगदी गबाळी दिसत होती. ऋतुराज तिच्याकडं बघत राहिला आणि एकाएकी त्याचे डोळे भरून आले.

"चार वेळा मी हेच पुसून आलो, सर."

सरांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला. गिरणी थांबली तरी तो हात तिथंच होता.

"बटण?" निघताना ऋतुराजनं विचारलं.

"उद्या संध्याकाळी ने."

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तो जिने चढून आला तेव्हा सर फळा पुसत होते.

"तीनदा चुकलो, सर. तिन्ही चुका तशाच ठेवल्या." त्याला धाप लागली होती. "दुसऱ्या चुकीपाशी मुलाखत घेणाऱ्या मॅडमच बोलायला लागल्या. म्हणाल्या, इथं मीही अडकले असते. मग आम्ही दोघं मिळूनच... घड्याळाकडं बघायचंच राहिलं."

"घेतील?"

"आठवड्यानं कळवणार आहेत. माहीत नाही, सर."

हे 'माहीत नाही' त्यानं मान वर ठेवून म्हटलं. आजवर कुणी त्याच्या तोंडून ते ऐकलं नव्हतं.

सरांनी टेबलाच्या खणातून सुपारीची एक जुनी डबी काढून उघडली. आत बटणंच बटणं. काळी, पांढरी, काही पिवळी पडलेली. सगळी बॅकस्पेसची.

"ओळखून घे तुझं."

त्याचं सगळ्यांत वर होतं, नवंकोरं. ते चिमटीत धरून तो थोडा वेळ उभा राहिला... मग त्यानं हात पुढं करून ते परत डबीत टाकलं.

"राहू दे इथंच, सर."

सर डबीत बोट घालून काहीतरी शोधत राहिले. तळातून त्यांनी एक बटण वर काढलं. त्यावरची अक्षरं पार गेलेली, मधोमध करंगळीच्या टोकाएवढा खळगा पडलेला.

"मग ह्याच्या शेजारी ठेव," ते म्हणाले. "हे माझं."