माळावरचं दार

एकदा एका तालुक्याच्या गावी एका वृद्ध गुरुजींनी चित्रपट मंडळ काढलं. देशोदेशीचे चित्रपट आणायचे आणि रविवारी दुपारी गावाला दाखवायचे, एवढाच त्यांचा ध्यास. भाषा परकी, म्हणून पडद्याशेजारी उभं राहून कुणीतरी गोष्ट मराठीत सांगायची, अशी तिथली रीत होती. गुरुजींचा आवाज बसला तेव्हा त्यांनी हे काम आपल्या शिष्याकडे, हेरंबकडे दिलं. हेरंब शाळेत भूगोल शिकवायचा. समजावून सांगणं त्याच्या हाडीमाशी खिळलेलं.

सभागृह मात्र एका कापडाच्या व्यापाऱ्याचं होतं. त्या रविवारी शेटजी तावातावानं आले.

"गुरुजी, गेल्या दोन खेळांना निम्मे लोक मधेच उठून गेले. आज मी स्वतः बसणार आहे. आजही लोक उठले, तर इथं माझं कापडाचं गोदाम होईल. मग मला बोल लावू नका."

आणि नेमका त्या दिवशीचा चित्रपट कसा, तर ना शेंडा ना बुडखा! हेरंबनं असलं काही जन्मात पाहिलं नव्हतं. पण गडी हुशार. त्यानं कुठल्याशा विद्वानाचा लेख वाचून चार पानं अर्थ लिहून आणला होता. पाणी म्हणजे मृत्यू, घोडा म्हणजे वासना, वगैरे वगैरे.

चित्रपट सुरू झाला. भर नदीत पलंग, त्यावर झोपलेली एक बाई. ती उठते ती थेट स्वयंपाकघरात, आणि तिथं चुलीपाशी घोडा उभा! मग तिचे वारलेले वडील छत्री घेऊन भिंतीतून बाहेर आले नि म्हणाले, "जेवलीस का?" खालची इंग्रजी अक्षरं वाचून हेरंबनं तेवढं सांगितलं खरं, पण त्याचा हात सारखा खिशातल्या कागदांकडे जात होता. खुर्च्या करकरू लागल्या. मागच्या रांगेतला एक जण उठून उभा राहिला.

"अहो मास्तर," शेटजी पुढूनच गरजले, "हे काय चाललंय? अर्थ सांगा की!"

हेरंबनं घाईघाईनं कागद काढले. तोच गुरुजी उठले, त्यांनी ते कागद त्याच्या हातून घेतले, आपल्या खुर्चीवर ठेवले आणि चक्क त्यावर बसले.

"खाली बस," ते म्हणाले.

"गुरुजी, लोक उठतायत! सभागृह जाईल!"

"जाऊ दे. बस तू."

म्हाताऱ्याचं डोकं फिरलं, असंच हेरंबला वाटलं. संतापानं धुमसत तो खाली बसला.

पडद्यावर आता ओसाड माळ होता. माळावर एक दार उभं, नुसतंच दार, आजूबाजूला भिंत नाही. पलीकडे कुणीही नाही, हे स्पष्ट दिसत होतं. तरीही आतून कुणीतरी कडी वाजवली. बाई दाराकडे निघाली. खुर्च्यांची करकर थांबली. उठलेला माणूस उभाच होता, पण त्याचा पाय निघत नव्हता. बाईनं कडीला हात घातला.

"उघडू नकोस गं बाई!"

शेटजी खुर्चीतून उभे राहून ओरडले होते. कुणीही हसलं नाही. बाईनं दार उघडलं. पलीकडे तोच माळ, तेच ऊन. ती उंबऱ्यावर बसून हमसाहमशी रडली, आणि सभागृहातल्या कित्येक बायकांनी पदर डोळ्यांना लावले.

दिवे लागले. शेटजी ओशाळून म्हणाले, "गुरुजी, मला ओ की ठो कळलं नाही. पण गोदामाचं राहू द्या. पुढच्या रविवारी आमच्या हिलाही घेऊन येतो."

ते गेल्यावर हेरंबनं विचारलं, "अर्थ न सांगताच हे कसं झालं?"

गुरुजी बसक्या आवाजात म्हणाले, "बाळ, सकाळी उठून घरात कुणी स्वप्न सांगू लागलं, तर आपण त्याचा अर्थ विचारतो का? आपण फक्त 'मग?' म्हणतो. कळलं नाही तर आपली शोभा होईल, ही भीती तुझी होती. तीच तू लोकांना वाटत होतास. अनुभवाच्या आधी पानात अर्थ वाढला, की माणूस उपाशीच उठतो."

एवढ्यात एक म्हातारी काठी टेकत आली. "मास्तर, त्या दाराआड कोण होतं हो?"

उत्तर हेरंबच्या ओठांवर आलं होतं. ते गिळून त्यानं विचारलं, "तुम्हाला कोण वाटलं, आजी?"

"माझा थोरला," ती म्हणाली. "बारा वर्षं झाली, भांडून घराबाहेर पडला तो."

हेरंबनं तिला खुर्ची दिली, स्वतः शेजारी बसला आणि हळूच म्हणाला, "मग?"