पवनरावांचा मागचा डावा पाय

त्या राज्यात बालपण प्रत्येकाला एकदाच मिळे. हक्क मात्र तो त्यावर जन्मभर सांगे. तेथील मैदानात लाकडी घोड्यांचे एक फिरते चक्र होते, आणि नियम असा, की लहानपणी जे त्यावर बसले, त्यांच्या संमतीवाचून तिथला खिळाही हलवायचा नाही.

चक्रावरचे वडीलधारे घोडे म्हणजे पवनराव. त्यांच्या मागच्या डाव्या पायाला वाळवी लागली होती. एखादे धष्टपुष्ट पिल्लू पाठीवर चढले, की पवनराव सारा भार उरलेल्या तीन पायांवर तोलून धरीत. पायाने दगा दिला तर आपली रवानगी थेट चुलीत, हे ते पुरते जाणून होते.

सुतारपक्ष्याने पाय ठोकून पाहिला. "रावसाहेब, सागवानी पाय बसवतो. दुपारपर्यंत दौडू लागाल."

सभा भरली. गजराबाई म्हैस डोळे पुसत म्हणाल्या, "मी रेडकू असताना याच पायाला अंग घाशीत असे. आज तो काढता? उद्या आम्हालाही काढाल!"

"बाई, पायात आता वाळवीच तेवढी उरली आहे," पवनराव काकुळतीस आले.

"मग वाळवी काय परकी आहे?" बोकडअण्णांनी दाढी हलवली. "आमच्या लहानपणचीच ती! तिलाही कोणी हात लावायचा नाही."

टाळ्यांचा कडकडाट झाला. वाळवीला मानाचा हार घालण्यात आला. तिने तो खाल्ला.

पुढच्याच फेरीला पाय कडकन मोडला. पवनराव कलंडले आणि वाळवीने पोखरलेला मधला खांबही त्यांच्या भाराने आडवा झाला. पिल्ले उड्या मारून पसार झाली. सुतारपक्षी हत्यारे घेऊन धावला.

"खबरदार!" सारे ओरडले.

गजराबाईंनी चक्राची एक बाजू पाठीवर घेतली, दुसरी बोकडअण्णांनी. उरलेले मधे शिरले, आणि मंडळी गोल गोल धावू लागली.

"अहो, खाली ठेवा मला!" पवनराव म्हणाले.

"चुलीत जायचंय का? मग गप्प बसा!" गजराबाईंना धाप लागली होती. "अण्णा, कसं वाटतंय?"

"अगदी... पूर्वीसारखं!"

वर रिकाम्या पाठींचे घोडे डुलत होते. पवनरावांना जन्मात प्रथमच आपण कोणावर तरी स्वार झाल्यासारखे वाटले. कुंपणावर ओळीने बसलेली पिल्ले आपल्या आईबापांच्या फेऱ्या पाहत होती, आणि त्यांतले सर्वांत धाकटे विचारीत होते, "यांना उतरवायचं कसं?"