हळद्या हिरा

फार मागची गोष्ट आहे. इतकी मागची, की तेव्हा नदीच्या वाळूत हिरे सापडत आणि माणसे चाळणी घेऊन ते शोधत. अशाच एका नदीकाठच्या राज्यात हिरे घासणारा एक कारागीर राहत होता. त्याच्या हातात मोठी कला होती. आणि खरे सांगायचे तर, त्या कलेची हवा थोडी डोक्यातही गेली होती.

तिथे हिरा पारखायची एक रीत होती. पांढऱ्या वाडग्यात नितळ पाणी घ्यायचे आणि त्यात हिरा सोडायचा. पाण्यात दिसेनासा होईल तो अस्सल, डोळ्यांना दिसेल त्यात खोट. कारागीर बापाकडून हेच शिकला होता.

त्या राज्यात एक हिरा मात्र पाण्यात ठळक दिसे. आवळ्याएवढा, हळदीसारखा पिवळा. लोक त्याला हळद्या म्हणत. तो म्हणे कुणा नावाड्याला नावेच्या तळाशी साचलेल्या गाळात मिळाला होता. त्याने तो तेव्हाच्या राणीला दिला, आणि मग चार पिढ्या तो सासूकडून सुनेकडे येत राहिला. आता तो म्हाताऱ्या राजमातेकडे होता. त्याला आजवर कुणी सहाणेला लावले नव्हते.

एके दिवशी राजमातेची दासी हळद्या घेऊन कारागिराकडे आली. निरोप साधाच होता. हिऱ्याचा एक कोपरा हाताला बोचतो, तेवढा गुळगुळीत करून द्यावा.

कारागिराने कोपरा घासला आणि तो थक्क झाला. पिवळा रंग सालीपुरताच वाटत होता, आत हिरा पाण्यासारखा स्वच्छ दिसत होता. एवढा नामांकित हिरा, आणि जन्मभर खोट मिरवत राहिला, याची त्याला कीव आली.

बायको शेजारीच सहाणेला तेल लावत होती. ती म्हणाली, "अहो, निरोप कोपऱ्याचा आहे. जास्तीचं करायचं तर विचारून तरी या."

"आजार बरा करताना वैद्य विचारत बसतो का?" तो हसून म्हणाला, आणि कामाला लागला.

पण रंग वाटला त्याहून खोल होता. पावसाळा सरला, थंडी आली, तरी सहाण थांबली नाही. आवळ्याचे बोर झाले, बोराचा हरभरा झाला. दासी विचारायला आली, की तो "अजून थोडं राहिलंय" म्हणून तिला परत पाठवी, आणि तेव्हा त्याच्या मनात पाल चुकचुके. पण एका सकाळी हिरा वाडग्यात दिसेनासा झाला आणि तो सगळे विसरला.

भरल्या दरबारात त्याने वाडगे राजमातेसमोर ठेवले. जाणत्यांनी माना डोलावल्या. राजमातेने पाण्यात हात घातला. तिची बोटे तळाशी बराच वेळ चाचपडत राहिली, आणि नजर वाडग्याच्या पलीकडे कुठेतरी होती. कारागिराने हिरा काढून तिच्या तळव्यावर ठेवला.

तिने तो डोळ्यांशी नेला, उजेडाकडे धरला आणि विचारले, "हा कुणाचा?"

"आईसाहेब, हा आपलाच हळद्या. त्यातली खोट काढली."

तिने हिरा मुठीत मिटला. मग हळूच म्हणाली, "डोळे गेल्यापासून मला सगळं पांढरं धुकं दिसतं. त्यात तेवढा एक पिवळा ठिपका दिसायचा. रोज सकाळी तो बघितला की वाटायचं, अजून सगळं गेलेलं नाही."

कारागिराने मान खाली घातली. राजमाता रागावली नाही. "तुमचा हात चांगला आहे," ती म्हणाली. "पण मी तुम्हाला एक कोपराच सांगितला होता."

तिने त्याला शिक्षा केली नाही. केली असती तर त्याला बरे वाटले असते. त्याने सहाण बंद केली आणि दुसरा हळद्या शोधायला चाळणी घेऊन नदीवर जाऊ लागला. राजमाता वारली, तरी तो जातच राहिला. त्याला पुष्कळ हिरे मिळाले. प्रत्येक हिरा तो पांढऱ्या वाडग्यात सोडी आणि हा तरी दिसू दे म्हणून वाकून बघत राही. एकामागून एक सगळे पाण्यात नाहीसे झाले.

जिला आपण खोट म्हणतो, ती पुसण्याआधी विचारावे. तीच कुणाचा तरी उरलेला उजेड असते.