कानात कापूस घालून केलेली खरेदी

एकदा एक तरुण गिटारवादक आपल्या वृद्ध गुरूंकडे आला. चेहरा पार उतरलेला होता. तो एका ऑर्केस्ट्रात वाजवत असे, आणि सलग दोन कार्यक्रमांत गायिकेने अंतरा उचलला तरी याची गिटार मागेच राहिली होती. ऑर्केस्ट्रा त्या गायिकेचाच. येत्या शनिवारी पुन्हा असे झाले तर दुसरा वादक बघेन, असे तिने स्पष्ट सांगितले होते.

"सर, माझ्या गिटारवर मनासारखा आवाजच लागत नाही," शिष्य म्हणाला. "बटणं फिरवून फिरवून दमतो. नवी इलेक्ट्रिक गिटार घ्यायचीय, चांगली भरपूर बटणांची. तुम्ही पारखून द्या."

दोष वाद्यातच असतो, ही वादकांची फार जुनी आणि सोयीची समजूत. गुरूंनी त्या समजुतीशी वाद घातला नाही. चपला पायांत सरकवून ते निघाले.

दुकानात शिरताच मात्र त्यांनी एक विचित्र कृती केली. खिशातून कापसाचे दोन बोळे काढले आणि दोन्ही कानांत घट्ट बसवले. मग स्टुलावर बसून 'वाजव' अशी खूण केली. दुकानदार बघतच राहिला. गिटार पारखायला आलेला माणूस कान बंद करून बसतो, हे त्याने तीस वर्षांत पाहिले नव्हते. सरांचे आता वय झाले, असे शिष्याच्या मनात आले आणि त्याला वाईट वाटले.

तरी त्याने वाजवले. पहिली गिटार देखणी होती. तिच्यावर सहा बटणे आणि दोन खटके. दुसरीवर चार बटणे. अशा पाच गिटारी झाल्या. शेवटची अगदी साधी: एक बटण आवाज कमीजास्त करायला, दुसरे तो मऊ की टोकदार ठेवायचा हे ठरवायला. दुकानदाराने ती उगाच, हाताला लागली म्हणून पुढे केली होती. ती जरा वेळ वाजल्यावर गुरूंनी कापूस काढला आणि ते म्हणाले, "हीच घे."

"पण सर, तुम्ही ऐकलीच कुठे?" शिष्याचा आवाज चढला. "शनिवारी माझं काम जाईल, आणि तुम्हाला चेष्टा सुचतेय!"

गुरू शांतपणे म्हणाले, "अरे, आवाज सगळ्यांचाच चांगला असणार. ऐकला असता तर मीसुद्धा भुललो असतो. मला तुझे डोळे बघायचे होते. पहिल्या गिटारवर तू एकदाही मान वर केली नाहीस. हे फिरव, ते फिरव, यातच गुंतलास. हिच्यावर फिरवायला फारसं काही नव्हतं, तेव्हा कुठे तू माझ्याकडे बघितलंस. गाणारी बाई श्वास कधी घेणार, कुठे थांबणार, हे तिच्या चेहऱ्यावर दिसतं बाळा. ते तू बघतच नव्हतास."

शिष्याला सगळे पटले असे नाही. पण त्याने तीच गिटार घेतली.

शनिवारी तिसऱ्या गाण्यात, दुसऱ्या अंतऱ्याच्या तोंडाशी, गायिकेचे ओठ उघडले आणि तसेच राहिले. तिला शब्द आठवत नव्हते. शिष्याने ते पाहिले आणि अंतऱ्यापूर्वीचा गिटारचा तुकडा पुन्हा पहिल्यापासून धरला. सोबतच्या वादकांनी सांभाळून घेतले. तेवढ्यात तिला शब्द सापडले. प्रेक्षकांना वाटले, गाणे असेच बसवलेले आहे.

कार्यक्रम संपल्यावर ती त्याच्यापाशी येऊन थांबली. "पुढच्या रविवारी बार्शीला जायचंय," ती म्हणाली. "गाडी सकाळी सातला निघेल. उशीर करू नकोस."

"येतो ताई," तो म्हणाला.

नव्या गिटारचे तिने नावही काढले नाही, आणि त्यालाही त्याचे काही वाटले नाही.