राजकन्येच्या दुलईचे तीन तुकडे

एका राज्यात पिंजाऱ्यांची एक आळी होती, आणि त्या आळीतल्या भिंती पातळ होत्या. माझ्या भिंतीपलीकडे ठकू पिंजारीण नवऱ्याला सांगत होती, "दुलईखाली राजकन्या नाहीच. तिथं नुसतं..." एवढ्यात पिंजणीची तार वाजली आणि पुढचं कापसात बुडालं. अर्धी गोष्ट पोटात ठेवून कुणाला जेवण जातं? मी वाटी घेऊन विरजण मागायला गेले.

ठकूने आपले हात मांडीखाली दाबून धरले होते.

"विरजण फडताळात आहे, काकू. घ्या आणि बसा. नाही सांगितलं तरी तुम्ही ऐकणारच."

तर ते असं होतं. राजकन्या हेमकला जन्मापासून थंड अंगाची. एका मांत्रिकाने कापसाचा अखंड थर पिंजला, तिचा जीव त्यात गुंफला आणि राजास बजावले, "थराचं जे होईल, ते हिचं होईल." दुलई शिवायला ठकूला बोलावलं. थर पलंगाबाहेर लोंबत होता. राजा म्हणाला, "काप." ठकूने तीन पट्ट्या कापल्या. उरलेल्या कापसाला कोण जपतो? ज्याला जी हवी ती त्याने नेली.

दुसऱ्या दिवशी राजकन्येची पावलं नाहीशी झाली. मग रोज वीतभर. आता दुलई कमरेपर्यंत सपाट पडली होती. मांत्रिक राज्य सोडून गेला, जाताना एवढंच बोलला, "जिने कापलं तिनेच जोडावं. दुलई सारीच सपाट झाली, की जोडायला काही उरणार नाही."

"मग इथं बसलीस कशाला?" मी म्हणाले. "ऊठ."

पहिली पट्टी सुगरण पक्षिणीच्या घरट्यात होती.

"माझी अंडी गार पडली तर तू उबवशील?" सुगरणीने विचारले.

"माझ्या उशीतला कापूस देते."

"तुझ्याच उशीतला दे. नवऱ्याच्या नको. तो घोरतो, पिल्लं दचकतील."

ठकूने पट्टी आणली, आणि फट राहू नये म्हणून थरावर चार बोटं चढवून शिवली. राजकन्येचे पाय परत आले. पण सांधा होता तिथं घोट्यावर दुसरे घोटे होते, आणि ते आपापले हलत होते.

"ठकूबाई, हे माझेच आहेत का?"

"तुमचेच, बाईसाहेब. मी दोनदा लावले."

तिने शिवण उसवली. पाय गेले.

दुसरी पट्टी हत्तीच्या हौद्याखालच्या गादीत होती. माहूत म्हणाला, "घेऊन जा, बाई. पाठीवर कुणी नसलं, तरी हत्ती लहान पोर बसल्यासारखा जपून चालतो. मला मागं बघवत नाही."

या खेपेस ठकूने दोन्ही पट्ट्या कडेला कड लावून जोडल्या. पण सुटतील या भीतीने दोरा आवळला. थराला चुण्या पडल्या. राजकन्येचा श्वासही तसाच येऊ लागला, चुणीचुणीने, मध्येच अडकून. ठकूने पुन्हा उसवलं. तोवर दुलई गळ्यापर्यंत सपाट झाली होती.

तिसरी पट्टी कुठं आहे ते सुगरणीने सांगितलं: राजाच्या मुकुटात, कपाळाला टोचू नये म्हणून.

भर दरबारात ठकूने ती मागितली.

राजा म्हणाला, "मुकुट उतरला की राज्य उतरतं, असं आम्हांस शिकवलं आहे."

"राज्याचं मला ठाऊक नाही, महाराज. पोर जाते आहे, ते दिसतंय."

राजाने मुकुट उतरवून तिच्या ओंजळीत दिला. राज्य होतं तिथंच राहिलं.

पट्टी घामाने थिजली होती, कड फाटकी झाली होती. कड सरळ केल्यावाचून सांधा बसत नाही. आणि कात्री लावायची म्हणजे पुन्हा राजकन्येला लावायची. ठकूचा हात थांबला.

"किती जाईल?" राजकन्येने विचारले. उशीवर आता नुसता चेहरा होता.

"दोऱ्याएवढं, बाईसाहेब."

"जाऊ द्या."

ठकूने दोराभर कड छाटली. ते कात्रण उडालं ते खाली पडलंच नाही. मग तिन्ही पट्ट्या तिने कडेला कड ठेवून, न चढवता, न ओढता, सैल तिरप्या टाक्यांनी जोडल्या. जसजशी शिवण पुढं गेली, तसतशी दुलई पुरीसारखी फुगत गेली. शेवटच्या टाक्याला राजकन्या उठून बसली आणि म्हणाली, "फार उकडतंय."

संकट सरलं. राजा पुन्हा सिंहासनावर बसला. मुकुट मात्र आता टोचतो, म्हणून दरबारापुरताच घालतो.

आळीत कुणी म्हणे ती पुरती आली, कुणी म्हणे आलीच नाही. दुसऱ्याच्या तोंडचं किती दिवस ऐकायचं? मी दर्शनाला गेले. राजकन्येने दोन्ही हातांनी विडा पुढे केला. तिच्या डाव्या हाताची चारच बोटं मला दिसली, करंगळीची जागा रिकामी होती. विडा ठेवताना तीच करंगळी माझ्या तळहाताला लागली. ती बाकीच्या बोटांहून ऊन होती.