पाण्याकडे तोंड

“पोरीचा पायगुणच वाईट. आता ही शेवटची जागा. इथूनही जनावर गेलं, तर हिला माहेरी पोचव, आणि परत आणायला जाऊ नकोस.”

हे सासू आपल्या मुलाला म्हणाली. झोपडीमागे जातं फिरत होतं, म्हणून ती मोकळेपणाने बोलली. पण सून, ठकू, जात्यात मूठभर नाचणी घालायला नेमकी थांबली होती. तिने सगळं ऐकलं. मग घास घातला आणि पुन्हा दळू लागली. माहेरी तिच्या पाठची बहीण लग्नाची होती. टाकलेल्या मुलीच्या बहिणीला कोण करून घेतं, हे तिला कुणी सांगायला नको होतं.

ठकूचा नवरा सटवाजी शिकारी होता. त्याचा बापही शिकारी. बाप एकाच माळावर चाळीस वर्षं राहिला आणि तिथेच मेला. त्याच वर्षी ठकू लग्न होऊन घरात आली. त्याच वर्षी माळावरचे ससे आणि तित्तर दिसेनासे झाले. सासूने या दोन गोष्टींची गाठ मारून ठेवली. माळ सोडून ते नदीकाठी गेले. वर्षभरात नदीकाठही ओस पडला. मग ते डोंगरातल्या या घळीत आले.

सटवाजीला जागा पारखण्याचा मोठा नाद. लोक मुलगी बघायला जातात, तसा तो जागा बघायला जाई. पाणी कसं, सावली कशी, शेजार कसा. ठकूला बघायला आला होता, तेव्हा मात्र त्याने इतका वेळ घेतला नव्हता. बाजाराच्या दिवशी चार माणसं भेटली की तो सांगत बसे. माळावर ससा मिळतो, पण वारा फार. नदीकाठी बदकं, पण डास फार. घळीत भेकरं आहेत, सावली आहे, पण ऊन उशिरा उतरतं. ऐकून ऐकून एकदा मिठाचा व्यापारी म्हणाला, “सटवाजी, तू सासऱ्याकडून आंदणात जंगलच मागून घ्यायचं होतंस.” सगळे हसले. सटवाजीही हसला. पुढच्या बाजाराला तो आणखी एका जागेची चौकशी करत होता.

सासूला आपल्या मेलेल्या नवऱ्याचा अभिमान होता. पिसं काढताना ती ठकूला त्याच्या गोष्टी सांगे. तो पाणवठ्याजवळ बसला, तरी पाण्याला पाठ करून बसायचा. तहानेने आलेल्या जनावरावर त्याने कधी तीर सोडला नाही. पिऊन परत फिरलेलं, रानाच्या वाटेला लागलेलं, तेच आपलं, असं तो म्हणायचा. त्यातली पुष्कळशी निसटायची. म्हणून तर चाळीस वर्षं पुरली, असं सासू सांगे. मुलगाही तसाच बसतो, हे ती धरून चालली होती. त्याला बसलेला तिने कधी पाहिला नव्हता.

ठकूनेही पाहिला नव्हता. पण आणलेलं जनावर साफ करायचं काम तिचं होतं. माळावरच्या पहिल्याच सशाच्या ओठाला ओलं शेवाळ होतं. नदीकाठच्या पाखरांच्या चोचीतून पाणी ओघळायचं. ती बघायची आणि हात धुऊन टाकायची. नव्या सुनेने नवऱ्याच्या कामात तोंड घालू नये, असं तिच्या आईने तिला शिकवून पाठवलं होतं. ती शिकवण पाळण्यात दोन जागा गेल्या.

सासूचं बोलणं ऐकल्यावर ठकूने एक केलं. ती रोज सूर्य कलला की घागर घेऊन झऱ्यावर जाऊ लागली. पाण्यावर जनावर मारलं जाऊ नये म्हणून मुद्दाम दगडावर घागर आपटत जायची. बाई एवढी वाजतगाजत येत असताना कुठलं भेकर पाण्याला येतं? चार दिवस सटवाजी रिकाम्या हाताने घरी आला. चार दिवस सासू सुनेच्या पायांकडे बघत राहिली. पाचव्या दिवशी तिने ठकूला बजावलं, की तिन्हीसांजेला उंबऱ्याबाहेर पाऊल टाकायचं नाही.

त्या संध्याकाळी सटवाजीने भेकराची मादी आणली. तो खुशीत होता. शेवटी जागा मानवली, असं म्हणाला.

ठकू साफ करायला बसली. मादीच्या हनुवटीवर चिखल होता, पुढच्या गुडघ्यांनाही होता. पोटात पाणी गच्च भरलेलं होतं. आणि पाण्याच्या शेजारी एक पिल्लू होतं. अजून त्याच्या अंगावर केस आले नव्हते. ठकूने ते आपल्या जुन्या लुगड्याच्या तुकड्यात गुंडाळलं आणि झोपडीमागे पुरलं. वर दगड ठेवला.

त्यानंतर झऱ्यावर एकही जनावर आलं नाही. पंधरा दिवस झाले, महिना झाला. चिखलात फक्त घागरीच्या बुडाचे गोल उमटत. सटवाजी म्हणू लागला की या घळीची हवाच बाधली आहे. पलीकडच्या डोंगराबद्दल त्याने चांगलं ऐकलं होतं. सासूने सामान बांधलं. ठकूचं गाठोडं तिने वेगळं बांधलं आणि दाराशी ठेवलं.

ठकूने गाठोडं उचललं. डोक्यावर घेतलं. मग खाली ठेवलं. लग्न होऊन आल्यापासून ती त्या दोघांसमोर एवढं कधी बोलली नव्हती.

“आत्याबाई, माझे पाय बघायचे तर नीट बघा. तिन्ही जागी मी सगळ्यांच्या मागून आले. पुढचं पाऊल यांचं होतं. तिन्ही जागांची जनावरं मी या हातांनी साफ केली. एकाचंही तोंड कोरडं नव्हतं.”

तात्पर्य: आपली खोट गाठीला बांधून फिरणाऱ्याला कुठलीच जागा पुरत नाही, आणि दोष मात्र सगळ्यांत मागून चालणाऱ्याच्या माथी येतो.